जगदाळेकाकांचं पायपुराण

पहिल्या भेटीत जगदाळेकाकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जर्मन येतं का हेसुद्धा विचारलं नाही. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, "आत मोजे किती?"

"किती म्हणजे? एक जोड."

"सुती का लोकरीचे?"

"सुती."

"आल्झो, असं हाय तर," काका मान हलवत म्हणाले, "म्हंजे तू इथं टिकायची न्हाईस."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेले लोकरीचे दोन जोड होते. एक राखाडी, एक विटकरी. सोबत देवनागरीत चिठ्ठी : "आतून सुती, वरून लोकरी. उलटे घालू नये." मी ते घातले आणि जर्मनीतल्या येनात चार वर्षं टिकले. याचं श्रेय मोज्यांचं की मोजे देणाऱ्याचं, हे मला तेव्हा ठरवता आलं नव्हतं. आता येतं.

मी सुनंदा माने, सांगलीची. दोन हजार चारच्या सुमारास शिष्यवृत्तीवर पीएचडीसाठी येनाला आले. शिवाजी जगदाळे फलटणकडचे. पूर्व जर्मनी नावाचा देश नकाशावर होता तेव्हा शेतीच्या प्रशिक्षणाला म्हणून तिथे गेले. मधल्या काळात तो देश गेला, काका राहिले. आमच्या संस्थेच्या तळघरात झाडं वाढवायच्या तीन खोल्या होत्या आणि मागे काचघर होतं. या सगळ्याचे ते तंत्रज्ञ. "बर्लिनची भिंत पडली तेव्हा तुम्ही काय करत होता?" असं मी एकदा मोठ्या कुतूहलाने विचारलं. "टोमॅटोला पाणी घालत हुतो," काका म्हणाले. "दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं."

माझ्या संशोधनाचा विषय सांगायची मला सांगलीत चोरी होती. भांगेच्या झाडाची एक जात असते, दोर आणि कापड करायची. तिच्यात नशा नावालाही नसते. त्या जातीचे कोणते वाण थंडीत तग धरतात, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी अकरा वाणांची चाळीस झाडं हिवाळाभर तळघरात जगवायची, त्यांच्या फांद्या छाटून नवी रोपं करायची आणि त्या रोपांना थंडीत ठेवून बघायचं. सगळं सरकारी परवान्याने. खोलीला कुलूप, कुलपाच्या दोनच किल्ल्या, एक माझ्याकडे आणि एक काकांकडे. पण घरी हे कोण ऐकून घेणार? आई म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन गांजाच लावायचा होता, तर इथं काय वाईट होतं?" बाबा निवृत्त मुख्याध्यापक. अख्खी गल्ली त्यांना माने गुरुजी म्हणते. त्यांनी शेजारीपाजारी सांगून टाकलं की मुलगी दोरखंडावर संशोधन करते. येनातली मराठी पोरं तर होळी जवळ आली की हमखास माझी आठवण काढायची. काकांना ती थट्टा बिलकूल खपत नसे. "ही दोराची जात हाय," ते कडाडायचे. "पिऊन बघा. डोकं दुखंल, दुसरं काय व्हायचं न्हाई." कुणी करून पाहिल्याशिवाय एवढ्या खात्रीने कसं सांगेल, असा प्रश्न मला पडायचा, पण मी तो विचारला नाही.

काकांचं सगळं तत्त्वज्ञान पायाशी सुरू होई आणि पायाशीच संपे. झाड असो, माणूस असो, गारठा खालून चढतो. "पाय बघ पाय. शेंडा आपला आपण बघतोय." हे वाक्य मी चार वर्षांत किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही. कुंडी कधी फरशीवर ठेवायची नाही. खाली आधी लाकडी फळी, फळीवर थर्मोकोल, त्यावर कुंडी. खोलीत शिरले की काका प्रत्येक कुंडीला खालून तळहाताची मागची बाजू लावत. आजारी लेकराचं अंग बघतात तसं. पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून खोलीतच ठेवायचं आणि घालण्याआधी त्यात कोपर बुडवून पाहायचं. नळाचं गार पाणी मी एकदाच घातलं. काका तीन दिवस माझ्याशी जर्मनमध्ये बोलले.

खोलीत थर्मामीटर पाच. एक मातीत खुपसलेला, एक कुंडीच्या उंचीवर, एक शेंड्याशी, एक खिडकीबाहेर आणि पाचवा काकांच्या कोटाच्या खिशात. "साक्षीला," असं ते त्याबद्दल म्हणत. याखेरीज दाराजवळ भिंतीवर संस्थेने बसवलेला एक चकचकीत फलक होता. त्यावर लाल आकड्यांत तापमान दिसे. त्याला काका 'साहेबांचा थर्मामीटर' म्हणत. साहेबांचा थर्मामीटर बावीस दाखवायचा तेव्हा फरशीजवळ बारा असायचं. "त्येचं बी खरं हाय," काका म्हणायचे, "पर झाडाची मुळं काय भितीवर हायेत का?"

एका हिवाळ्यात तर त्यांनी कुंड्यांनाच मोजे घातले. अख्ख्या संस्थेत जुने लोकरी मोजे मागत हिंडले, टाचा कापल्या आणि दोन-दोन मोजे उसवून जोडून प्रत्येक कुंडीवर चढवले. चाळीस कुंड्या, लाल, निळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. नेमके त्याच आठवड्यात हॉलंडहून पाहुणे आले. आमच्या प्रोफेसरबाई, फ्राऊ लिंडनर, उंच, सडपातळ आणि हसण्याच्या बाबतीत फार काटकसरी. त्यांनी मोठ्या अभिमानाने दार उघडलं आणि पाहुणे त्या मोजेवाल्या मंडळींकडे बघत राहिले. शेवटी एक पाहुणा म्हणाला, "ही पद्धत कुठे प्रसिद्ध झाली आहे का?" फ्राऊ लिंडनर शांतपणे म्हणाल्या, "अजून नाही." बाहेर पडताना त्यांनी स्वतःच्या नवऱ्याचे दोन जोड काकांना आणून द्यायचं कबूल केलं.

दिव्यांची तऱ्हा निराळीच. झाडांना रोज अठरा तास उजेड लागे आणि सहा तास अंधार. कुठलाही शहाणा माणूस हा अंधार रात्री ठेवील. काकांनी तो दुपारी बारा ते सहा ठेवला होता. कारण सोपं होतं. ते मोठाले दिवे तापत आणि तळघरात तेच आमची खरी शेगडी. रात्री-पहाटे बाहेर कडाका असतो, तेव्हा शेगडी पेटलेली हवी. दुपारी त्यातल्या त्यात ऊब असते, तेव्हा झोपायचं. "रातपाळीची मंडळी हायेत," काका म्हणत, "साखर कारखान्यावानी." दुपारी बारानंतर त्या दारासमोरून कुणी मोठ्याने बोलत गेलं की काका ओठांवर बोट ठेवायचे. हाउसमाइस्टर ब्योमे म्हणजे आमच्या इमारतीची देखभाल करणारा अगडबंब गडी. तोसुद्धा तिथून चवड्यांवर जायचा.

दिव्यांच्या जोडीला एक पंखा होता. दिवे फार तापू नयेत म्हणून तो बाहेरची हवा आत ओढे. दिवे लागले की पंखा चालू, दिवे विझले की पंखा बंद. दोघांची घड्याळं वेगवेगळी, पण चालायची बरोबरीनं. हा पंखा एवढ्यासाठी सांगून ठेवते की पुढे त्यानेच घात केला. त्याने म्हणजे मीच.

काकांची मराठी एकोणीसशे एकोणऐंशी सालची होती. निघताना बरोबर घेतली ती तशीच जपलेली. मी घरी फोन करून आले की विचारायचे, "लागला का ट्रंककॉल?" मी कॉलिंग कार्डाचा नंबर खरवडून पाच मिनिटांत सांगलीला बोलते, हे त्यांना ठाऊक होतं, पण शब्द तोच. भाकरी राईच्या पिठाची करत. ती तव्यावर असताना भाकरीसारखी दिसे आणि ताटात आली की चपलेसारखी लागे. लग्न एका जर्मन बाईशी झालं होतं, ते टिकलं नाही. फलटणला कोण असतं, असं विचारलं की म्हणायचे, "हायेत की भावकीतले." आणि लगेच एखाद्या कुंडीखाली हात घालायचे.

माझ्या दुसऱ्या डिसेंबरात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मिरजेच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली, सत्तावीस तारीख दिली. आईचा आवाज फोनवर इतका बारीक झाला होता की मला ती दुसरंच कुणी वाटली. आणि मी इथे चाळीस झाडं धरून बसलेले. दोन वर्षांचं काम त्यात होतं. शिष्यवृत्ती उन्हाळ्यात संपणार होती आणि मुदतवाढ द्यायची की नाही, हे याच झाडांवर ठरणार होतं. शिवाय नाताळात आमची संस्था आठवडाभर बंद असते. इमारतीचं हीटिंग अगदी खाली आणतात, पाइप गोठू नयेत एवढंच. मी दोन दिवस नुसती तळघरात येरझाऱ्या घालत होते.

"तिकीट काढलंस?" काकांनी विचारलं.

"काका, झाडं..."

"झाडं परत लावता येत्यात," काका एकदम ओरडले. मी दचकले. ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "जा तू. सगळ्यांचं पाय मी बघतो."

चोवीस तारखेला सकाळी सातला मी बॅग घेऊनच संस्थेत आले. गाडी तासाभराने होती. आदल्या दिवशी विजेच्या कुठल्याशा तपासणीत दिव्यांचं घड्याळ तेवढं बंद पडलं होतं, ते पुन्हा लावायचं होतं. काका वर ब्योमेशी हुज्जत घालत होते की तळघराचं हीटिंग तरी सोड. ब्योमे म्हणत होता, सगळ्या इमारतीचा एकच नळ, मी काय करू. मी खाली एकटीच. मनगटावरच्या घड्याळात बघून दिव्यांच्या घड्याळाचे काटे लावले, झाडांवरून एकदा नजर फिरवली आणि धावत सुटले. जिन्यात काकांनी विचारलं, "बघितलंस न्हवं सगळं?" मी म्हटलं, "हो." माझ्या शब्दावर ते त्या दिवशी खाली उतरलेच नाहीत.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. आत नेताना त्यांचा हात माझ्या हातात होता. जन्मभर पोरांना छडीचा धाक दाखवणारा तो हात माझी बोटं सोडेना. बाबा म्हणाले, "आलीस ते बरं झालं गं." एवढंच वाक्य. ते ऐकायला मी तिथे होते. आजही मला त्या वाक्याची आठवण झाली की त्याच्या मागे जगदाळेकाका उभे दिसतात. त्यांनी धाडलं नसतं, तर मी येनात बसून फोनची वाट बघत राहिले असते.

जानेवारीच्या मध्यावर परतले ती थेट तळघरात. किल्ली लावली तर आत दुसराच एक तरुण तंत्रज्ञ. झाडं जिवंत होती, पण काय दशा! देठ जांभळे पडलेले, खालची पानं गळलेली. चार झाडं गेली होती. अकरा वाणांतला एकही वाण मात्र पुरता गेला नव्हता. "हेर जगदाळे कुठे आहेत?" मी विचारलं; जर्मनमध्ये श्रीयुताला हेर म्हणतात. तरुण म्हणाला, "ते आता बाहेरच्या बागेची अवजारं बघतात. ही खोली त्यांच्याकडून काढून घेतली."

बाकीचं मला ब्योमेने सांगितलं. पंचवीस तारखेला इमारत कडेकोट बंद. सव्वीसला सकाळी नऊला त्याने काकांना दार उघडून दिलं. बाहेर उणे चौदा. काका खाली गेले तर खोलीत काळोख आणि काळोखात पंखा घरघरतोय. दिवे विझलेले आणि पंखा ती उणे चौदाची हवा सरळ झाडांवर ओततोय, लागोपाठ तिसरी सकाळ. मातीत तापमान चार. काकांनी पंखा बंद केला, दिवे लावले, पण मुळांशी गारठा तसाच; ते एकेका कुंडीला खालून हात लावत फरशीवरच बसले. "मला वाटलं, यांनाच काही झालं," ब्योमे म्हणाला.

मग ते घरी गेले. येनाच्या कडेला उंच उंच ठोकळ्यांसारख्या इमारती आहेत, त्यांतल्या एकीत काका राहतात. तिथे शेजारी बहुतेक एकट्या म्हाताऱ्या. जर्मन घरात दुसरं काही नसलं तरी वेर्मफ्लाशे असतेच, म्हणजे आपली गरम पाण्याची रबरी पिशवी. काकांनी ऐन नाताळात दारोदार जाऊन विचारलं, "मला तुमची वेर्मफ्लाशे मिळेल का?" म्हाताऱ्यांना वाटलं, काका आजारी. त्यांनी पिशव्या दिल्याच, वर सूप दिलं, एकीने पाठीला चोळायचं मलम दिलं. अकरा पिशव्या घेऊन काका संस्थेत परतले आणि झाडांच्या मधे मधे मांडून बसले. पाणी अगदी कोमट. ब्योमे म्हणाला, चांगलं कढत घाल की. काका म्हणाले, गारठलेल्याला एकदम शेकायचं नसतं, जीव जातो. दर दोन तासांनी पाणी थोडंसं अधिक गरम. असे ते संस्था उघडेपर्यंत रोज सकाळी येऊन अंधार पडेस्तोवर बसत होते, कोट घालून, मफलर गुंडाळून, खोकत.

"आणि दिवे कसे विझले?" मी विचारलं.

"त्यांनीच लिहून दिलंय ना," ब्योमे म्हणाला. "घड्याळ लावताना माझी चूक झाली म्हणून."

मी फ्राऊ लिंडनरच्या सेक्रेटरीकडून तो कागद मागून घेतला. परवान्याच्या खोलीत काही झालं की असा लेखी प्रोटोकोल करावाच लागतो. खाली काकांची वळणदार सही. मधे एक ओळ होती : दिव्यांचं घड्याळ खऱ्या वेळेच्या साडेचार तास पुढे आढळलं. म्हणजे दुपारी बाराला विझायचे दिवे सकाळी साडेसातलाच विझत होते.

साडेचार तास. मी मनगटाकडे पाहिलं. परदेशी राहणाऱ्या आम्हा पोरांपैकी कित्येकांची ही सवय असते. मनगटावरचं घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवायचं. आता आई देवाजवळ दिवा लावत असेल, आता बाबा बातम्या ऐकत असतील, हे बघायला. इथली वेळ हवी असली की साडेचार तास वजा करायचे. दोन वर्षं मी ती वजाबाकी न चुकता केली होती. त्या एका सकाळी केली नाही.

मी तशीच काकांच्या घरी गेले. न्हाणीघरात दोरीवर उरलेल्या वेर्मफ्लाशे उलट्या टांगलेल्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. "परत द्यायच्या हायेत," काका खोकत म्हणाले. "पर एकेकीकडं गेलं की तासभर बसवून केक खायला घालत्यात. दिवसाला एकच उरकते."

"काका, घड्याळ मी चुकीचं लावलं."

"ठावं हाय मला. साडेचार तासांची चूक जर्मन माणसाला करायचीच म्हटलं तरी जमायची न्हाई."

"मग तुम्ही असं का लिहून दिलंत?"

"तुझी शिष्यवृत्ती उन्हाळ्यात सपतीया. तुझ्या नावावर असला कागद लागला तर वाढवून देतील व्हय? माझी नोकरी ऱ्हायली दीड वर्ष. मला काय, अवजारं बी चालतात. वर हवा चांगली हाय."

मी रडायला लागले. काकांना हे प्रकरण कसं हाताळावं ते कळेना. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं, मोजे ठीक आहेत अशी खात्री करून घेतली आणि समोर बसले.

"आई आजारी हाय म्हणून मला तार आली हुती," ते म्हणाले. "असाच जानेवारी हुता. साहेब म्हणले, जा, मी कागद करून देतो. पर काचघराचा बॉयलर बंद पडलेला आन् टोमॅटोची रोपं इवलीशी. म्हणलं, दोन दिवस, एवढी रोपं सावरली की निघतो. शेगड्या पेटवल्या, गोणपाटं टाकली. दुसरी तार आली त्या वक्ताला मी पाणी कोमट करत हुतो. रोपं सगळी जगली. एक बी मेलं न्हाई. सभेत टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी फ्राऊ लिंडनरच्या दारावर टकटक केली आणि सगळं सांगून टाकलं. मनगटावरचं घड्याळही दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. "फ्राऊ माने," त्या म्हणाल्या, "हेर जगदाळे पंधरा वर्षं माझ्याबरोबर आहेत. ते साडेचार मिनिटंसुद्धा चुकत नाहीत. तुम्ही परत यायची मी वाट बघत होते."

"मग तुम्ही त्यांची खोली का काढून घेतलीत?"

"कागदावर त्यांची सही होती. कागद मला मानावा लागतो. आता दुसरा कागद करा."

मी दुसरा कागद केला. त्यांनी मला पंधरा मिनिटं असं काही झापलं की जर्मन भाषेत एवढे शब्द आहेत हे मला तेव्हा समजलं. मग त्या तरुण तंत्रज्ञाकडून काकांची किल्ली मागवून माझ्या हातात ठेवली. मुदतवाढीच्या शिफारशीत त्यांनी पुढे लिहिलं की चार झाडं चुकीने गेली आणि ती चूक विद्यार्थिनीने स्वतःहून कबूल केली. ते वाचूनही मुदतवाढ मिळाली. छत्तीस झाडांच्या फांद्यांवर माझा प्रबंध उभा राहिला. त्याच्या पहिल्या पानावर काकांचे आभार आहेत, पण छापील आभारांत काय मावणार? या माणसाने मला माझ्या बापापाशी पोचवलं आणि मागे माझं काम स्वतःच्या अंगाने झाकून धरलं. याची फेड होत नसते, हे मला कळतं आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. काही झाकलं नाही. बाबा ऐकून घेऊन म्हणाले, "रविवारी त्या माणसाला फोनवर दे."

रविवारी दुपारी मी काकांच्या घरी जाऊन नंबर लावला. मला वाटलं होतं, बाबा आभार मानणार. काकांनाही तसंच वाटत असावं, कारण ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. बाबांचा आवाज चाळीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला, बायपासनंतरही मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येत होता.

"शिवाजी जगदाळे का?"

"व्हय गुरुजी."

"अक्कल आहे का तुला? पोरीची चूक स्वतःच्या नावावर घेतोस? ती खोटं पचवायला शिकली असती म्हणजे? आणि नोकरी गेली असती तर या वयात काय करणार होतास?"

काका खुर्चीतून उठून उभे राहिले. पाय जुळवून, एक हात बाजूला सरळ.

"चुकलं गुरुजी."

"चुकलंच. आणि त्या गारठ्यात आठवडाभर बसलास. खोकला आहे म्हणे. डॉक्टरकडे गेलास? नाही ना? उद्या जायचं. काय म्हणाला ते मला कळवायचं. मी दर रविवारी या वेळेला फोन करणार. सापडला नाहीस तर माझ्याशी गाठ आहे."

"व्हय गुरुजी. जातो गुरुजी."

फोन बंद झाला तरी काका तसेच उभे होते. त्यांनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला आणि बाहीने डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, मनावर घेऊ नका हो. बाबा सगळ्यांनाच असं बोलतात."

"बोलू दे की," काका म्हणाले. "आई गेल्यापास्नं मला कुणी रागावलंच न्हवतं."

थोड्या वेळाने ते पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर सोमवारी किती वाजता उघडतो गं?"